आयांची रांग

१० जून
पाऊस: ०

वही दिशाने दिली. रोज सकाळी आठ वाजता अंगणातल्या प्लास्टिकच्या नळीत किती पाणी साठलं ते बघायचं, मिलिमीटरचा आकडा लिहायचा, नळी उपडी करायची. एवढं काम. त्याला एक ओळ लागते. पानाच्या बाकीच्या ओळींचं काय करायचं ते तिने सांगितलं न्हाय, म्हणून त्या माझ्या. मी तिसरीपर्यंत शिकले. चौथीत गुरुजी बदलले आणि बापाने मला म्हशींमागे लावली. पण अक्षर सुनेपेक्षा बरं हाय, आणि सून बारावी हाय.

दिशा ही मुंबईच्या कॉलेजातली पोरगी. दगडांचं शिकते. एवढी शिकून दगडंच का, विचारलं तर हसते. आज तिने मला अंगणात उभी करून डोंगर दाखवला. पन्नास वर्षं बघतेय, म्हटलं, नवीन काय दाखवणार? ती म्हणाली, "आक्का, वरचा कडा बघा. भाकरीला दाताने तोडल्यासारखा अर्धगोल आहे. तो तुकडा गेला कुठे?"

"कुठं गेला?"

"तुम्ही त्यावरच उभ्या आहात."

म्हणजे आमचा हा अख्खा माळ, वीस घरं, आंबे, गोठे, सगळं हजारो वर्षांपूर्वी वरून घसरून आलेलं. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांकडून जमिनीच्या पोटात एक चीर येते, ती आमच्या डोंगराखालून जाते म्हणे. तिथला दगड आतून भुगा झालेला. एकदा निसटला, खाली आला आणि चिकणमातीच्या थरावर बसला. त्यावर आमच्या सासऱ्याच्या आज्याने घर बांधलं.

"म्हंजे आमचं गाव पडलेलं हाय?"

"पडून विसावलेलं."

"आमचा म्हातारा पण असाच होता. दुपारी जेवून पडला की उठवायची कोणाची छाती नव्हती."

"बरोबर," ती म्हणाली. "पण असा डोंगर उठतो आक्का. पायथा काढला आणि आत पाणी मुरलं, की उठतो."

चहा पिऊन गेली. साखर दोन चमचे घेते. बारीक कशी राहते कोण जाणे.

१४ जून
पाऊस: ११

पायथा काढतो तो आमचाच धनेश. धाकटे दीर चांगदेव भावजी, त्यांचा पोरगा. तिकडे भिवंडीजवळ पूर्णाला गोडाऊनं उठतायत, त्यांना भरावाला मुरूम लागतो, आणि मुरूम आमच्या माळाखाली हाय. तीन वर्षं धनेशचं पोकलेन चालतंय. माझा हिरामण त्याच्याच डंपरवर ड्रायव्हर. त्याच्याआधी भिवंडीत कापडाच्या लूमवर बारा तासांची शिफ्ट मारायचा आणि घरी येऊन माणसासारखा बोलायचा न्हाय. आता बोलतो. म्हणून धनेशला मी वाईट म्हणणार न्हाय.

दिशा त्याला सांगायला गेली. मी मागून गेले, गंमत बघायला. तिने गोडाऊनातल्या पोत्यांच्या थप्पीचं उदाहरण दिलं. खालचं पोतं ओढलं तर वरची कुठे जातात? धनेशने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पायथा माझा. डोंगर सरकारचा. डोंगराची तक्रार असेल तर सरकारला सांगा."

मला हसू आलं. पोरगा तोंडाने माझ्यावर गेलाय.

१९ जून
पाऊस: ६४

दिशाने माळावर आडव्या रेघेत अकरा लोखंडी सळ्या ठोकल्या. डोक्याला लाल रंग. दोन्ही टोकांना कातळ हाय, तो मूळचा डोंगर, तो हलत न्हाय म्हणे. कातळावर तिने रंगाची फुली मारली. फुलीपासून फुलीपर्यंत दोरी ताणली की सगळ्या सळ्या दोरीला लागल्या पाहिजेत. एखादी पुढे गेली तर माळ चालतोय असं समजायचं.

ती परीक्षेला चालली. जाताना म्हणाली, "आक्का, यांना कोणाला हात लावू देऊ नका."

"माझ्या दारातल्या वस्तूला हात लावायची कोणाची हिंमत हाय?"

वर आमच्या आया बसतात तशीच ही रांग दिसते. आया म्हणजे शेंदराचे सात दगड, माळाच्या वरच्या अंगाला, गवतात. आषाढातल्या राखणीच्या मंगळवारी आमच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई कातळापासून कातळापर्यंत सूत ताणते. वर्षभरात आया रुसून पुढे आलेल्या असतात. पाया पडून त्यांना मागे घ्यायचं, सुताला लावायचं, मग कोंबडा आणि नारळ. सासूने तीस वर्षं केलं, मी बावीस वर्षं करतेय. दिशाला हे सांगणार होते, पण ती रिक्षाच्या घाईत होती.

२७ जून
पाऊस: ९८

चांगदेव भावजींशी भांडण केलं. कारण सांगते. सकाळी बघितलं तर मधल्या चार सळ्या पुढे झुकलेल्या आणि रांगेतून चार बोटं बाहेर. म्हैस अंग घासून गेली, दुसरं काय? गावात मोकाट सुटणारी म्हैस एकच, त्यांची.

"वहिनी, माझी म्हैस दहा दिवस गोठ्यात हाय. गाभण हाय ती. दावं सोडलेलं न्हाय."

"मग सळ्या काय वाऱ्याने हलल्या?"

"मला काय माहीत? पण माझ्या म्हशीचं नाव घेऊ नका. तिच्या दिवसांत तिला ऐकवायचं न्हाय असलं."

म्हशीचे डोहाळे पुरवतायत. बायकोचे पुरवले असते तर ती दर महिन्याला माहेरी पळाली नसती.

मी दोरी काढली, फुलीपासून फुलीपर्यंत ताणली, सळ्या उपटून परत रांगेत ठोकल्या. हात भरून आला, पण रांग अशी झाली की बघत राहावं. दिशा माणूस जोडून गेलीय, तिच्या वस्तू वाकड्या राहिलेल्या मला चालायच्या न्हाईत.

स्वयंपाकघराचं दार लागेना. लाकूड फुगलंय. हिरामणला रंधा मारायला सांगितला.

२ जुलै
पाऊस: १२१

परत तेच. वीतभर बाहेर. मी परत सरळ केल्या. आता म्हैस न्हाय, रात्री दारू पिऊन येणारे असतील.

दाराला रंधा मारून पण ते लागत न्हाय. आता वरून घासतं. हिरामण म्हणाला, "आये, दार न्हाय, चौकटच तिरकी झालीय." म्हटलं, तू लावलीस ना चौकट, मग तिरकीच असणार. ओट्याला एक चीर गेलीय, तिच्यात सिमेंट भरलं. खालचा झरा उन्हाळ्यात पण काचेसारखा असतो, तो चहासारखा आलाय. दोन हंडे फेकून दिले.

४ जुलै
पाऊस: ८७

वीत आणि वर चार बोटं. सरळ केल्या. कंबर धरली. आता दिशाने येऊन बघावंच.

५ जुलै
पाऊस: ४०

आली. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय, तरी आधी सळ्यांकडे. दोरी ताणली, एकेक मोजली, वहीत लिहिलं, परत मोजली. मग तिथेच दगडावर बसली.

"काहीच नाही आक्का. एक मिलिमीटरसुद्धा हललेलं नाही."

"मग? मी बसले होते ना लक्ष ठेवून."

तिने कॉलेजातल्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, मग तिथलं काम थांबव, दुसऱ्या एका गावात जास्त गरज आहे, तिकडे जा. ती खूष पण होती आणि नव्हती पण. जाताना मागे वळून बोलली, "इतक्या पावसात काहीच कसं नाही?"

धनेशला कळलं तसा तो पेढे घेऊन आला. "काकी, मॅडमनीच सर्टिफिकेट दिलं!" सोमवारपासून दुसरं पोकलेन आणतोय.

पेढा चांगला होता. पण मी तिला सळ्या सरळ केल्याचं का सांगितलं न्हाय? कौतुक करून घ्यायला वेळ होता, एवढं सांगायला नव्हता. विसरले असेन. विसरले न्हाय. ती खूष दिसली म्हणून बोलले न्हाय.

७ जुलै
पाऊस: ७६

उद्या राखण. जमिला सूत घेऊन आली. आयांचं सूत दर साली तिच्या लूमवरचं असतं. तिच्या सासऱ्याने आमच्या सासऱ्याला शब्द दिला होता, तो अजून चालू हाय. आता शेलार गावात तिच्या पोराची, अय्यूबची, चोवीस लूम हायत. जमिला माझ्याच वयाची, गुडघे माझ्यापेक्षा वाईट, तरी सूत स्वतः आणते.

आम्ही दोघी वर गवत काढायला गेलो. गवत काढलं.

"यंदा किती?" जमिलाने विचारलं. दर साली विचारते.

मी कोपरापासून हात टेकवला. एक. परत टेकवला. दोन. मधल्या तीन आया दोन हात पुढे आलेल्या. त्यांच्या बाजूच्या दोघी हातभर. कडेच्या दोघी कातळाजवळ जागच्या जागी.

"गेल्या साली तर हातभर पण नव्हतं गो."

"रुसल्यात जास्त."

"सालातून एकदा रुसतात ना? तर मग ठीक." ती खाली टेकली, गुडघा चोळत. "आमच्याकडं लूम हलली तर नट कसतात. सालातून एकदा कसला तर कोणी काय बोलत न्हाय. पण हप्त्यात दोनदा कसायला लागला तर अय्यूब बोलतो, अम्मी, नट छोड, नीचे की जमीन देख."

हप्त्यात दोनदा. मी आठ दिवसांत तीनदा कसला होता.

मग सगळं एकदम दिसलं. दार. ओटा. झऱ्याचं पाणी. म्हैस दहा दिवस गोठ्यात होती आणि मी तिला गावभर बदनाम केलं.

हिरामणच्या फोनवरून दिशाला लावला. आढेवेढे घेतले न्हाईत. "पोरी, सळ्या हलल्या होत्या. मी सरळ केल्या. तीनदा."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"किती हलल्या होत्या?"

"आधी चार बोटं. मग वीत. मग वीत आणि चार बोटं. आणि आया दोन हात."

"कोण आया?"

मग तिला रांगेचं सांगितलं. ती म्हणाली, आक्का, दर वर्षी किती पुढे आल्या ते आठवतं? न आठवायला काय झालं? लग्नाच्या साली बोटभर. हिरामण झाला त्या साली पाऊस भारी, चार बोटं. मधली कितीतरी वर्षं काहीच न्हाय, सासू म्हणायची आया खूष हायत. धनेशने खणायला घेतलं त्या साली वीत. मग दीड वीत. मग हाताला थोडं कमी. यंदा दोन हात, आणि आषाढ अजून उभा हाय.

ती सगळं लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आक्का, असा रेकॉर्ड माझ्या सरांकडेही नाही."

"हाय कुठं? दर साली आम्ही पुसून टाकला."

"मी उद्या सकाळी निघते. वरती कड्याखाली भेग दिसते का बघा. आणि उद्या आयांना मागे घेऊ देऊ नका."

हे बोलायला सोपं हाय.

८ जुलै, मंगळवार
पाऊस: ६९

सगळा गाव जमला. कोंबडा, नारळ, शेंदूर. मी कातळावर सूत बांधलं, पलीकडच्या कातळापर्यंत ताणलं. चांगदेव भावजींनी पहार पुढे केली.

"घ्या वहिनी. आयांना मागं घ्या."

"न्हाय घेणार."

"म्हंजे?"

"जिथं हायत तिथं राहू दे."

बायका कुजबुजल्या. भावजींचा आवाज चढला. "सात पिढ्यांचा रिवाज हाय! देवीचं काम हाय. डोकं फिरलंय का?"

"भावजी, आया रुसत न्हाईत. माळ त्यांना घेऊन चाललाय. त्या सालभर सांगतात, आणि आपण त्यांना ओढून परत मागं बसवतो. वर कोंबडा कापून खातो."

धनेश पुढे आला. "काकी, दगडं कोणी पण ढकलेल. परवाच मॅडम बोलून गेल्या, काही हललं न्हाय."

"मॅडमच्या सळ्या मी सरळ केल्या होत्या. दोरी लावून. विचार तिला, वाटेत हाय." हे सगळ्यांसमोर बोलले. "आणि ढकललं म्हणतोस ना? मग मधल्याच का ढकलल्या? कातळाजवळच्या दोघी तसूभर हलल्या न्हाईत. ढकलणाऱ्याला कातळाची भीती वाटत होती का?"

तो मोबाईल चाळायला लागला. माझ्यावर गेलाय, पण अर्धाच.

मी एकेकाला बोलावलं. सुतापासून आईपर्यंत आपापला हात टेकवून बघा. "देवीला असं मोजतात का?" भावजी पुटपुटले. म्हटलं, ओढताना लाज वाटली न्हाय, मोजताना वाटते? शेवटी तेही वाकले. त्यांचा हात लांब. दोन वेळा टेकला आणि वर बोटं राहिली. त्यांनी परत एकदा मोजलं.

शेंदूर लावला, नारळ फोडला. पहारीला कोणी हात लावला न्हाय. सूत तसंच ताणलेलं ठेवलं. म्हटलं, उद्या सकाळी या.

दुपारी दिशा आली. हिरामण तिला घेऊन कड्याखाली गेला. भेग होती. हिरामण म्हणाला, आये, कंबरेएवढा बांबू आत गेला. मग त्याने डंपरची चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली. लूमवर परत जाणं त्याला मरणाहून नको वाटतं, मला माहीत हाय.

९ जुलै
पाऊस: १३४

न बोलावता सगळे आले. आया सुतापासून आणखी पाच बोटं पुढे. माणसं माझ्याकडे बघायला लागली, जसं काय मीच ढकलल्या.

धनेशने खाली पोकलेन सुरू केलं होतं. म्हणे दोन दिवसांत शेवटच्या गाड्या भरायच्यात. चांगदेव भावजी घरात गेले, प्लास्टिकची खुर्ची घेतली, खाली उतरले, जमिनीवर टेकलेल्या पोकलेनच्या बकेटात खुर्ची मांडली आणि छत्री उघडून पेपर वाचत बसले. धनेश ओरडला, हात जोडले, घड्याळ दाखवलं. भावजी म्हणाले, "छोट्या जाहिराती वाचायच्या राहिल्यात." दोन वाजेपर्यंत बसले. मग धनेशने मशीन बंद केलं.

पन्नास वर्षांत मी त्या माणसाला पहिल्यांदा चांगला म्हणतेय. तेही वहीत.

दिशा तहसीलदारांकडे गेली. माझ्या बोटांचे आणि वितींचे सेंटीमीटर करून कागद दिलाय म्हणे.

१२ जुलै
पाऊस: १०२

माळ सोडला. नोटीस आली, पण नोटिशीने कोण हलतं? सूत रोज लांब पडत होतं, त्याने हलले. जमिलाने शेलारची अर्धी शेड मोकळी करून दिली, बारा लूम बंद ठेवून. अय्यूब दारातच उभा होता. "आक्का, आवाज की तकलीफ होगी." म्हटलं, माझ्या सुनेबरोबर राहायची सवय हाय बाबा, तुझ्या लूमचं काय घेऊन बसलास.

निघताना घराकडे वळून बघितलं न्हाय. डोक्यावर दुधाचं पातेलं होतं.

१६ जुलै
पाऊस: नळी माळावर राहिली. भरपूर.

सकाळी अकराला माळ गेला.

आम्ही ओढ्यापलीकडच्या रस्त्यावर होतो, पोलीस पुढे जाऊ देत नव्हते. मला वाटलं होतं गडगडाट होईल. तसं न्हाय. माळ चालला. म्हातारा माणूस उठून बाहेर जातो तसा, सावकाश, थांबत थांबत. आंबे उभेच्या उभे पुढे आले. चांगदेव भावजींचं घर मध्ये दुमडलं. माझं घर आधी खाली बसलं, मग फिरलं, दार वर आभाळाकडे. लागलंच न्हाय शेवटपर्यंत ते दार. धनेशचं पोकलेन पायथ्याशी होतं, त्याची फक्त मान दिसत राहिली.

दुपारी तीनपर्यंत चाललं. मग परत पडून राहिला.

माणसं मोजली. एकशे सात. गाव तेवढाच. दोनदा मोजली. एकशे सात.

धनेश रस्त्यावर उकिडवा बसला होता. मी बाजूला बसले. शिव्या तयार होत्या, सगळ्या एका रांगेत. पण तो म्हणाला, "काकी, त्या दिवशी सर्टिफिकेटचे पेढे मी पण खाल्ले. तीन." म्हटलं, मी चार खाल्ले. उठ.

१८ जुलै

म्हैस व्याली, शेडमध्ये, दोन लुमांच्या मधे. पारडी हाय. मी पेंड घेऊन गेले आणि तिच्यासमोर ठेवली. चांगदेव भावजी बघत होते.

"माफी मागताय वहिनी?"

"तिची. तुमची न्हाय."

खटाखट आवाजात पारडी गाढ झोपलीय. आजपासून हिरामण अय्यूबच्या टेम्पोवर जातोय, लूमवर न्हाय. बोलतोय.

३० जुलै
पाऊस: ३३. नवीन नळी.

दिशाबरोबर माळावर गेलो, भावजी, धनेश आणि मी. आया सापडल्या. मधल्या पाच जणी साठ पावलं खाली, सगळ्या उभ्या, शेंदरासकट. रांग धनुष्यासारखी वाकलेली. कडेच्या दोघी वरती कातळाजवळ, आपल्या जागी.

धनेश म्हणाला, माणसं आणून वर नेऊ, परत रांगेत बसवू. सवयीने बोलला. भावजींनीच त्याला गप्प केला. "जिथं आल्या तिथं बसू दे."

दिशाने नवीन अकरा सळ्या ठोकल्या. माळ आता किती दिवसांनी थांबतो ते बघायचंय, त्यावर आम्हाला जागा कुठे मिळेल ते ठरणार. दर आठवड्याला मोजायचं काम तिने मला दिलं. सर म्हणाले होते दुसरं कोणीतरी बघ. ती म्हणाली, हिच्यासारखं दुसरं कोणी मिळणार नाही, हिच्या हातून एकदा चूक होऊन गेलीय. असं तोंडावर कौतुक करतात का?

६ ऑगस्ट
पाऊस: २१

सकाळी अय्यूबच्या टेम्पोने आले. दोरी ताणली. कडेच्या सळ्या बरोबर. सहावी सळई झुकलेली, डोकं एका बाजूला, अगदी डोळ्यात खुपेल अशी. शेजारी दगड पडला होता, हातात मावेल असा. दोन ठोके मारले की सरळ.

दोन्ही हात पदरात घेऊन तिच्यासमोर थोडा वेळ उभी राहिले.

सहावी सळई: दोन बोटं पुढे. हात लावला न्हाय.